मेमकॅश्डमधून मूल्य परत आणण्याची कृती, सी प्रोग्रामसाठी

ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी मेमकॅश्ड तयार केला. डेटाबेसला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागू नये म्हणून आलेले उत्तर मेमरीत धरून ठेवायचे, एवढेच त्याचे काम. जपून ठेवण्याची हमी तो देत नाही. जागा अपुरी पडली की बराच काळ कोणी न मागितलेली मूल्ये काढून टाकतो, मुदत संपलेले मूल्य देत नाही, आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला तर सहसा सगळे रिकामे झालेले असते. त्यामुळे मूल्य वाचणारा प्रोग्राम लिहिताना जास्त विचार करावा लागतो तो मूल्य हाती न आल्यास काय करायचे याचा.

तयारी थोडीच आहे. मेमकॅश्ड सर्व्हर आणि ब्रायन एकर यांनी सुरू केलेली लिबमेमकॅश्ड ही सी लायब्ररी, एवढ्या दोन गोष्टी लागतात. डेबियन किंवा उबुंटूवर लायब्ररीचे 'डेव्ह' शेपटीचे पॅकेज घ्या, म्हणजे हेडर फाइलही येते. लिंक करताना लायब्ररीचे नाव द्यायला विसरू नका. पुढे फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लहान अक्षरांत, अंडरस्कोअरसकट लिहायची.

सर्व्हर स्वतःच्याच यंत्रावर, १२७.०.०.१ या पत्त्यावर आणि ११२११ या नेहमीच्या पोर्टवर चालवा. सरावासाठी म्हणूनसुद्धा तो बाहेरच्या जाळ्याला उघडा ठेवू नका. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिट इतका मारा झाला, तो असेच उघडे राहिलेले मेमकॅश्ड सर्व्हर वापरून. त्या माऱ्याची वाट ठरलेले यूडीपी त्यानंतरच्या १.५.६ आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवलेले असते.

आता जोडणी. 'मेमकॅश्ड_क्रिएट' ला नल देऊन हँडल तयार करा आणि 'मेमकॅश्ड_सर्व्हर_अॅड' ने त्यात सर्व्हरचा पत्ता व पोर्ट घाला. हे दुसरे फंक्शन यशाचा कोड परत देते, पण त्यावरून सर्व्हर जिवंत आहे असे समजू नका. या टप्प्यावर फक्त यादीत नाव चढते. खरी जोडणी पहिल्या मागणीच्या वेळी होते. सुरुवातीलाच खात्री हवी असेल तर सर्व्हरला त्याची आवृत्ती विचारून पाहा.

सर्व्हर एकाहून अधिक असतील तर इथे थांबून एक गोष्ट पक्की करा. कोणती किल्ली, म्हणजे मूल्याचे नाव, कोणत्या सर्व्हरवर जाईल हे सर्व्हर ठरवत नाहीत, ते एकमेकांशी बोलतही नाहीत. निर्णय लायब्ररी घेते, किल्लीचा हॅश काढून. मूल्य ठेवणारा प्रोग्राम पीएचपीत आणि वाचणारा सीमध्ये असेल तर दोन्हीकडे सर्व्हरची यादी, हॅशची रीत आणि वाटपाची पद्धत तंतोतंत एक हवी. नाहीतर मूल्य एका सर्व्हरवर असते आणि आपण दुसऱ्यालाच विचारत बसतो. एरर येत नाही, फक्त 'सापडले नाही' असे उत्तर येते, म्हणून हा दोष फार उशिरा लक्षात येतो. 'मेमकॅश्ड_बिहेवियर_सेट' वापरून दोन्हीकडे केतामा पद्धत लावणे मला सर्वांत बरे वाटते. लास्ट डॉट एफएममध्ये तयार झालेल्या या पद्धतीत एक सर्व्हर वाढला किंवा गळाला तरी थोड्याच किल्ल्यांची जागा बदलते.

किल्ली कशी असावी? जास्तीत जास्त २५० बाइट, आणि तिच्यात मोकळी जागा किंवा नियंत्रण अक्षर नको. मराठीत काम करणाऱ्यांनी इथे 'बाइट' या शब्दाकडे नीट लक्ष द्यावे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण, मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. 'पुणे' या शब्दाची लांबी 'स्ट्रलेन' १२ सांगते आणि ते बरोबर आहे. फंक्शनला तीच लांबी द्यायची. 'नवी मुंबई' मात्र किल्ली म्हणून चालणार नाही, कारण मजकुरी प्रोटोकॉलमध्ये मधली मोकळी जागा दोन किल्ल्या वेगळ्या करते. माझा आग्रह असा की किल्लीत रोमन उपसर्ग आणि क्रमांक ठेवावा, आणि मराठी मजकूर मूल्यात असू द्यावा.

मूल्य मागण्याचे फंक्शन 'मेमकॅश्ड_गेट'. त्याला हँडल, किल्ली आणि किल्लीची लांबी द्या. शिवाय तीन चलांचे पत्तेही द्यायचे: मूल्याची लांबी, फ्लॅग आणि एरर. परत मिळतो तो कॅरॅक्टर पॉइंटर. इथे बहुतेक जण पॉइंटर नल आहे का एवढेच पाहतात. ते पुरत नाही. उत्तराचे चार अर्थ होऊ शकतात आणि त्यांतल्या तीन अर्थांत पॉइंटर नलच असतो.

पॉइंटर नल नाही आणि एररमध्ये 'मेमकॅश्ड_सक्सेस' आहे, तर मूल्य मिळाले. पॉइंटर नल पण एरर 'सक्सेस', तर किल्ली आहे आणि तिचे मूल्य शून्य लांबीचे आहे. हेही खरे उत्तर आहे, त्यासाठी डेटाबेसकडे जाऊ नका. एरर 'मेमकॅश्ड_नॉटफाउंड' असेल तर मूल्य कॅशमध्ये नाही. डेटाबेसमधून आणा, कॅशमध्ये ठेवा, वापरा. बाकी कोणताही कोड आला, म्हणजे वेळ संपली, सर्व्हर तात्पुरता बाद ठरला, जोडणी तुटली, तर मूल्य आहे की नाही हे आपल्याला कळलेलेच नाही. 'मेमकॅश्ड_स्ट्रएरर' ने मिळणारा संदेश लॉगमध्ये लिहा.

तिसरा आणि चौथा अर्थ एकत्र करणे सर्वांत महागात पडते. कॅश कोसळला की प्रत्येक प्रोग्राम एकाच क्षणी डेटाबेसकडे धावतो, आणि एरवी त्याच्या वाट्याला न येणारा सगळा भार त्याच्यावर पडतो. चौथ्या प्रकारात डेटाबेसकडे किती मागण्या जाऊ द्यायच्या याला मर्यादा घाला, किंवा पानाचा तेवढा भाग न दाखवता पुढे जा. कॅश शाबूत असतानाही एखादी लोकप्रिय किल्ली नाहीशी झाली की अशीच झुंबड उडते. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ च्या आपल्या शोधनिबंधात त्यावर उपाय मांडला आहे: मूल्य नव्याने भरण्याची परवानगी एका वेळी एकालाच द्यायची, बाकीच्यांनी क्षणभर थांबायचे.

मिळालेल्या मूल्याला सीची साधी स्ट्रिंग समजू नका. सर्व्हरच्या लेखी ती नुसती बाइटांची रांग असते आणि तिच्या मधोमध शून्य बाइटही असू शकते. छापताना, कॉपी करताना फंक्शनने दिलेली लांबीच वापरा. फ्लॅगही तपासा. सर्व्हर त्याचा अर्थ लावत नाही, पण इतर भाषांच्या लायब्रऱ्या मूल्य दाबून ठेवले आहे का, ते कोणत्या प्रकारचे आहे, हे त्यात नोंदवतात. अनोळखी फ्लॅग दिसला तर मूल्य वापरू नका. आणि काम झाले की 'फ्री' करा. ती मेमरी आपल्या नावावर आहे, लायब्ररी ती सोडवणार नाही.

एका पानासाठी पन्नास मूल्ये लागत असतील तर पन्नासदा 'गेट' करू नका, प्रत्येक वेळी जाण्यायेण्याचा वेळ लागतो. किल्ल्यांचा एक आणि लांबींचा एक असे दोन अॅरे 'मेमकॅश्ड_एमगेट' ला द्या, मग 'मेमकॅश्ड_फेच_रिझल्ट' लूपमध्ये नल येईपर्यंत बोलवा. उत्तरे मागितलेल्या क्रमाने येतील असे नाही, आणि नसलेल्या किल्लीबद्दल काहीच कळवले जात नाही. त्यामुळे प्रत्येक उत्तरातली किल्ली वाचून आपल्या यादीत खूण करा. खूण न झालेल्या राहतील त्या डेटाबेसमधून आणा. लूप संपल्यावर एरर पाहा: 'एंड' किंवा 'नॉटफाउंड' असेल तर ठीक, दुसरे काही असेल तर एखाद्या सर्व्हरची उत्तरे वाटेत राहिली आहेत. मधूनच लूप सोडून पुढची मागणी करू नका.

एकच हँडल अनेक थ्रेडमध्ये वापरायचे नाही. प्रत्येक थ्रेडसाठी 'मेमकॅश्ड_क्लोन' करा किंवा लायब्ररीबरोबर येणारा पूल वापरा. वाट पाहण्याची मर्यादाही स्वतः ठरवा, पण एकके पाहून: 'पोल' ची मर्यादा मिलिसेकंदांत देतात, तर 'रिसीव्ह' ची मायक्रोसेकंदांत.

शेवटी 'मेमकॅश्ड_फ्री' ने हँडल सोडा आणि प्रोग्राम मुद्दाम अडचणीत टाकून पाहा. रिकामे मूल्य ठेवून वाचा. मध्ये शून्य बाइट असलेले मूल्य वाचा. प्रोग्राम चालू असताना 'फ्लश_ऑल' आज्ञा द्या. मग सर्व्हरच बंद करा आणि डेटाबेसवरच्या मागण्या किती वाढतात ते मोजा. हे सगळे व्हॅलग्राइंडखाली चालवले तर 'फ्री' कुठे राहून गेले तेही त्याच फेरीत दिसते.