अभ्यासाचे तास आणि अभ्यास

प्रश्न : दोन वर्षं राज्यसेवेची तयारी करतोय. रोज तासन् तास बसतो, पण मोबाइलपायी लक्ष उडतं. चिकाटी कमी पडते का?
– एक वाचक, भोंगवली (ता. भोर)

उत्तर : दोन वर्षं टिकलात, म्हणजे चिकाटी आहे, चुकतोय तो हिशेब. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 मधल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना तो लक्षात राहील याची जास्त खात्री होती; आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारेच सरस ठरले. ओळखीचं वाटलं की आपण ‘येतं’ म्हणून मोकळे होतो. आणि येत नाही हे उघडं पडणार, नेमका तेव्हाच हात मोबाइलकडे जातो! तुम्ही म्हणाल, गावात राहून शिकायचं तर व्याख्यानं मोबाइलवरच बघावी लागतात. मान्य. व्याख्यान जरूर बघा, पण नंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा आणि राहिलेलं लाल पेनाने भरा. सुरुवातीला कागद लालच दिसेल. जीव खट्टू होईल, होऊ द्या. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, तिथे पर्याय बघून आठवण्याची सोय नाही. महिनाभरात लाल शाई कमी झाली नाही, तर तास वाढवू नका, पद्धत बदला.