वाढत्या पिल्लाचे वजन व आहार : पारख कशी करावी

जनावराची अंगलट ओळखणे ही शेतकऱ्याच्या हातची विद्या आहे. बाजारात उभ्या असलेल्या बैलाच्या बरगड्यांवर, कण्यावर व खुब्याच्या हाडांवर हात फिरवून त्यास वैरण पुरेशी मिळते किंवा नाही, हे तो तत्काळ सांगू शकतो. परंतु त्याच शेतकऱ्याच्या दाराशी वाढणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लाकडे ही पारखी नजर क्वचितच वळते. पिल्लू खाते आहे व त्याचे पोट गोल दिसते आहे, एवढ्यावर समाधान मानले जाते. पुढे पाच-सहा महिन्यांत त्याचे पाय वाकडे होतात किंवा ते लंगडू लागते, आणि राखणीस निरुपयोगी ठरलेले ते जनावर पुष्कळदा रस्त्यावर सोडून दिले जाते. हे नुकसान बहुतांशी टाळता येण्याजोगे आहे. त्यासाठी साधा वजनकाटा, एक ठरावीक माप आणि दोन हात एवढीच सामग्री पुरते.

निगडी परिसरातील दोन टोके

जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरील निगडी हे पूर्वी शेतीवर जगणारे गाव होते. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले व येथील शेतजमिनींवर आखीव वसाहती उभ्या राहिल्या. २०२१ साली ते प्राधिकरण विलीन झाले असले तरी ‘प्राधिकरण’ हे वसाहतीचे नाव लोकांच्या तोंडी कायम आहे. आज एकीकडे गावठाण व तळवडे-चिखलीकडील शिल्लक मळे आणि दुसरीकडे बंगले व सदनिका, अशा दोन्ही प्रकारच्या घरांतून पिल्ले पाळली जातात.

मळ्यावरील गावठी पिल्लास बहुधा भाकरी व पाणी घातलेले दूध मिळते. वसाहतीतील लॅब्रॅडॉरसारख्या थोराड जातीच्या पिल्लापुढे ताटली दिवसभर भरलेली असते. शिवाय घरातील प्रत्येक जण बिस्किटे देतो ती निराळीच. पहिल्या ठिकाणी पोषण कमी पडते, तर दुसऱ्या ठिकाणी ते अतिरिक्त होते. दोन्हींचा परिणाम अखेर हाडांवर व सांध्यांवर होतो.

गोल पोट हे सुदृढतेचे लक्षण नव्हे

पोटभर जेवल्यानंतर लहान पिल्लाचे पोट काही वेळ गोल दिसणे स्वाभाविक आहे. परंतु पोट सदैव टणक व फुगलेले, कणा मात्र वर आलेला आणि केस निस्तेज, असे दिसल्यास प्रथम जंतांचा संशय घ्यावा. गोल जंत हे पिल्लास आईच्या गर्भातूनच व पुढे तिच्या दुधातूनही लागतात; म्हणून स्वच्छ घरात जन्मलेले पिल्लूही त्यांपासून मुक्त असेल असे धरून चालू नये. या जंतांची अंडी मातीत पडून अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटातही जाऊ शकतात. यास्तव पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासून दर पंधरवड्यास, साधारण तीन महिन्यांपर्यंत, व नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतनाशक औषध द्यावे. औषधाची मात्रा वजनावर ठरते, हेही वजन करण्याचे एक कारण होय.

हातांनी करावयाची पारख

पिल्लू सपाट जागेवर चार पायांवर उभे करावे व पुढील तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. दोन्ही तळहात बरगड्यांवर ठेवून बोटे हलकेच फिरवावीत. न दाबता बरगड्या एकेक मोजता आल्या पाहिजेत. परंतु त्यांवर चरबीचा पातळ थर जाणवला पाहिजे.

२. वरून पाहावे. बरगड्यांच्या मागे कमरेशी शरीर किंचित आत वळलेले दिसावे.

३. बाजूने पाहावे. छातीपेक्षा पोटाची रेषा मागे वर चढत गेलेली असावी.

बरगड्यांचा स्पर्श नेमका कसा असावा, हे स्वतःच्याच हातावर शिकता येते. मूठ आवळून तिच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवावीत. बरगड्या तशा टोचू लागल्या तर पिल्लू रोड आहे. हात पसरून त्याच्या पालथ्या बाजूवरून बोटे फिरवावीत; बरगड्या तशा लागल्या तर अंगलट योग्य आहे. तोच हात उताणा करून बोटांच्या मुळाशी असलेला मांसल भाग चाचपावा. बरगड्या तशा खोल गेल्या असतील तर पिल्लू स्थूल आहे. पशुवैद्य हीच पारख १ ते ९ अंकांच्या श्रेणीत नोंदवितात. त्यांत ४ व ५ हे अंक योग्य अंगलटीचे मानतात. लांब केसांच्या पिल्लात डोळा फसतो, म्हणून तेथे हाताचाच निर्णय ग्राह्य मानावा.

येथे एक अपवाद ध्यानात ठेवला पाहिजे. मराठवाडा-सोलापूर भागातील कारवान व बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे कुत्रे जातीनेच सडपातळ आहेत. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या या कुत्र्याचे चित्र २००५ साली भारतीय टपाल तिकिटावरही आले. अशा जातीच्या प्रौढ कुत्र्याच्या शेवटच्या काही बरगड्या नजरेस दिसणे हा रोडपणा नव्हे. त्यास लॅब्रॅडॉरसारखे भरलेले करण्याचा हट्ट धरू नये.

वजन कसे करावे

दर आठवड्यास एकाच वारी, सकाळी जेवणापूर्वी वजन करावे. लहान पिल्लू टोपलीत किंवा गोणपाटाच्या झोळीत बसवून काट्यावर ठेवावे व टोपलीचे अथवा झोळीचे वजन वजा करावे. मोठ्या पिल्लास उचलून माणसाने काट्यावर उभे राहावे व नंतर स्वतःचे वजन त्यातून वजा करावे.

वजनवाढीचा अंदाज आईबापांच्या अंगलटीवरून बांधता येतो. पहिल्या पाच महिन्यांत पिल्लाचे वजन, त्याच्या अपेक्षित प्रौढ वजनाच्या दर किलोमागे, रोज सुमारे २ ते ४ ग्रॅम वाढते. प्रौढपणी १६ किलो भरेल अशा गावठी पिल्लाची वाढ या हिशेबाने आठवड्यास सुमारे २२५ ते ४५० ग्रॅम होईल. मध्यम बांध्याचे पिल्लू चार-पाच महिन्यांचे होता होता प्रौढ वजनाच्या निम्म्यावर येते; थोराड जातींना यास अधिक काळ लागतो. एका आठवड्यात वाढ थोडी कमी झाली तर घाबरू नये. परंतु लागोपाठ दोन आठवडे वजन वाढले नाही, किंवा एकदाही घटले, तर पशुवैद्याकडे न्यावे.

रोजचा आहार किती असावा

वाढत्या पिल्लाची गरज उष्मांकांत मोजतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील रीत ध्यानात ठेवावी. किलोमधील वजनाचा घन करावा, त्याचे वर्गमूळ लागोपाठ दोन वेळा काढावे व आलेल्या संख्येस ७० ने गुणावे. ही स्वस्थ बसलेल्या जनावराची गरज झाली. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लास तिच्या सुमारे तिप्पट व त्यानंतर वाढ पुरी होईपर्यंत सुमारे दुप्पट आहार लागतो. तिपटीवरून दुपटीवर एका दिवसात येऊ नये; तीन-चार आठवड्यांत हळूहळू यावे.

या हिशेबाने रोजची गरज अशी येते :

वजन २ किलो, वय दीड-दोन महिने : सुमारे ३५० उष्मांक
वजन ४ किलो, वय अडीच महिने : सुमारे ६०० उष्मांक
वजन ८ किलो, वय पाच महिने : सुमारे ६७० उष्मांक
वजन १२ किलो, वय सात-आठ महिने : सुमारे ९०० उष्मांक

४ किलोच्या पिल्लास दर किलोमागे १५० उष्मांक लागतात, तर ८ किलोच्या पिल्लास सुमारे ८४ पुरतात. वजन दुप्पट झाले म्हणून ताटलीही दुप्पट करावी, ही समजूत येथे चुकीची ठरते. वाढत्या वयात पिल्ले स्थूल होऊ लागतात ती बहुधा याच वळणावर. पुढे नसबंदी केल्यास आहाराची गरज आणखी कमी होते, हेही ध्यानात असू द्यावे.

दिवसाचा आहार तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व पुढे दोन वेळा विभागून द्यावा. पंधरा-वीस मिनिटांत जे उरेल ते उचलून घ्यावे. पाणी मात्र सर्वकाळ समोर असावे. बिस्किटे वगैरे वरखाऊ पदार्थ दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा अधिक होऊ देऊ नयेत, व ते मूळ आहारातून वजा करावेत.

पोट भरते, अंग भरत नाही

आता मळ्यावरील आहाराचा हिशेब पाहू. सुमारे ६० ग्रॅम पिठाच्या तीन ज्वारीच्या भाकऱ्यांतून ४ किलोच्या पिल्लास लागणारे ६०० उष्मांक मिळतात. परंतु त्यांतील प्रथिने अवघी १८ ग्रॅमच्या आसपास भरतात, आणि अशा पिल्लास रोज सुमारे ३३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे भूक भागते, पण वाढीचे साहित्य निम्म्याहून थोडेच अधिक मिळते. पाणी घातलेल्या दुधाने ही उणीव भरून येत नाही. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात. त्यात पाणी घालून देणे म्हणजे अधिकच पातळ पोषण देणे होय.

त्याऐवजी ७५ ग्रॅम पिठाची भाकरी, दोन उकडलेली अंडी, ५० ग्रॅम शिजवलेले हाडविरहित मांस व १५० मिलिलिटर निर्भेळ दूध किंवा दही दिल्यास उष्मांक जवळपास तेवढेच राहून प्रथिनांची गरज भागते. दुधाने ढाळ लागत असतील तर दही द्यावे.

तथापि याही जेवणात कॅल्शियम गरजेच्या पाव हिश्श्याहून कमी असते. वाढीच्या वयात ते न मिळाल्यास शरीर ते हाडांतून काढून घेते. पाय वाकतात व हाडे सहज मोडतात. उन्हात बसविल्याने ही उणीव भरून येत नाही, कारण कुत्र्याच्या कातडीत माणसाप्रमाणे पुरेसे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही. तेही आहारातूनच मिळावे लागते. म्हणून घरचे जेवण देणाऱ्यांनी खनिजे व जीवनसत्त्वांची पूरक मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी. पानाचा चुना घालण्यासारखे उपाय करू नयेत. त्याने तोंड व अन्ननलिका पोळते. थोराड जातींत जादा कॅल्शियमही हाडांची वाढ बिघडविते. पिल्लांसाठी असलेले तयार खाद्य देत असल्यास वर कॅल्शियम देऊ नये. पिशवीवरील तक्त्याप्रमाणे प्रथम वजनकाट्यावर मोजून द्यावे, व तेवढ्यासाठी एक वाटी कायमची ठरवावी.

काय देऊ नये

चाकणच्या बाजारपेठेमुळे या पट्ट्यात कांदा घरोघरी मुबलक असतो. उरलेला रस्सा पिल्लाच्या ताटलीत ओतण्याची पद्धतही सर्रास दिसते. परंतु कांदा व लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. द्राक्षे व बेदाणे मूत्रपिंडास घातक आहेत. चॉकलेट विषारी आहे. शिजविलेली हाडे फुटून टोकदार होतात व घशात अथवा आतड्यात रुततात.

मापात बदल केव्हा व किती

वरील आकडे ही सुरुवात होय. एकाच विणीतील दोन पिल्लांची गरजही कमीअधिक असू शकते. दर पंधरवड्यास हातांची पारख व वजन दोन्ही पाहून निर्णय घ्यावा. पिल्लू स्थूल वाटल्यास प्रथम वरखाऊ पदार्थ बंद करावेत व नंतर आहार दहाव्या हिश्श्याने कमी करावा. वाढत्या पिल्लास उपाशी ठेवू नये. रोड वाटल्यास आधी विष्ठेची तपासणी व जंतांचा बंदोबस्त करावा, मगच आहार तितकाच वाढवावा. जंत असताना वाढविलेला आहार वाया जातो.

पिल्लू भराभर वाढावे ही इच्छा स्वाभाविक असली तरी ती हिताची नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतील एकास दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी आहार आयुष्यभर देण्यात आला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बेताने खाणाऱ्या गटाचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे व दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. सांध्यांचे विकारही पहिल्या गटात उशिरा उद्भवले.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

लसीकरणाच्या दिवशी पिल्ले एकत्र येतात. त्या वेळी एक काटा मांडून प्रत्येक पिल्लाचे वजन करावे, पालकाचा हात स्वतः धरून बरगड्यांवर फिरवून दाखवावा आणि मुठीची व पसरलेल्या हाताची तुलना करून घ्यावी. प्रत्येक घरी एका वहीत तारीख, वजन, अंगलट, रोजचे माप व जंतनाशकाची तारीख असे पाच रकाने आखून द्यावेत. घरातील शाळकरी मुलाकडे ही वही सोपविल्यास नोंद सहसा चुकत नाही. पिल्लू आजारी पडून दवाखान्यात न्यावे लागले, तर पशुवैद्यासही ती उपयोगी पडते.