पायरीपायरीने वर जा

खानदेशातील जुनी घरे धाब्याची. धाब्यावर चढायला शिडी लावतात. मधल्या पायऱ्या सोडून उडी मारली, तर माणूस पडतो. सरकारी कामाचेही तसेच आहे, बरे का!

जमिनीच्या कामाची शिडी पाहा. गावाला तलाठी. काही गावांना मिळून मंडळ अधिकारी. तालुक्याला तहसीलदार. त्यांच्यावर प्रांत. जिल्ह्याला कलेक्टर. चोपडा तालुक्यातील गावाची शिडी आधी चोपड्याला, मग अमळनेरला आणि शेवटी जळगावला जाते.

समजा, अशाच एका गावात बाप वारला. मागे दोन मुलगे व एक मुलगी. मुलग्यांनी सातबाऱ्यासाठी आपलीच नावे दिली. मुलगी सासरी होती. तिला हे कळले. ती मामाकडे आली.

"मामा, मी थेट कलेक्टरसाहेबांकडे जाते!"

"थांब बाई. नोंद कोणी लिहिली?"

"तलाठी आप्पांनी."

"मग हरकत आधी तिथे दे. साहेब तुझा अर्ज चौकशीला खालीच धाडतील. तोवर मुदत निघून जाईल."

मामाचे म्हणणे खरे होते. वारस म्हणून मुलीचाही हक्क आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने तो दिला. 2005 साली वडिलोपार्जित जमिनीतही तिला मुलाइतकाच हक्क मिळाला. पण हक्क वेळेत सांगावा लागतो.

तलाठी फेरफार लिहितो व नोटीस काढतो. हरकतीला 15 दिवस असतात. हरकत लेखी द्यावी. तिची लेखी पोच देणे तलाठ्याचे काम आहे. 1966 च्या जमीन महसूल कायद्यातच तसे लिहिले आहे. हरकत आली की सुनावणी होते.

तलाठी एकटा नोंद मंजूर करू शकत नाही. मंजुरी वरचा अधिकारी देतो. एकाची चूक दुसऱ्याने पाहावी, म्हणून ही पायरी आहे.

निकाल विरुद्ध गेला तर? हातपाय गाळू नका. निकाल मिळाल्यापासून 60 दिवसांत प्रांतांकडे अपील करा. त्यांचाही निकाल पटला नाही, तर मग कलेक्टर आहेत.

पायरी पाळणे म्हणजे मुकाट बसणे नव्हे. तलाठी पोच देत नसेल, तर तहसीलदारांना लेखी कळवा. आणि कोणी लाच मागितली, तर पायरी पाहू नका. लाचलुचपत खात्याला 1064 वर फोन करा.

त्या मुलीने हरकत दिली, पोच घेतली. तारीख पाहिली आणि कागद नीट घडी करून पेटीत ठेवला. तुम्हीही तसेच करा.

वाचा व सांगा

1. मुलीने हरकत आधी कोणाकडे दिली? का?
2. पोच कशासाठी घ्यावी?
3. प्रांतांकडे अपील किती दिवसांत करावे?
4. तुमच्या गावाचे मंडळ कोणते? प्रांत कोठे बसतात? विचारून लिहा.