आधी खुर्च्या मांड

सोमवारपासून देवळाच्या हॉलमध्ये वर्ग सुरू करतेस म्हणालीस, म्हणून हे लिहून ठेवते. आसनं तुला माझ्यापेक्षा चांगली येतात. माझ्याकडे आहे ते खुर्च्या, चपला आणि सतरंज्यांचं शहाणपण.

सहाचा वर्ग असेल तर पावणेसहाला जा आणि आधी चार खुर्च्या मांड. भिंतीला टेकवून, पण पुढच्या बाजूला. मागच्या कोपऱ्यात मांडल्यास तर तिथे बसणाऱ्याला पहिल्याच दिवशी नापास झाल्यासारखं वाटतं. प्लास्टिकच्या नकोत, फरशीवर सरकतात. मांडववाल्याकडची लोखंडी घडीची खुर्ची आण, पायांखाली सतरंजी घाल. कुणी ‘खुर्चीवर कसला योग?’ म्हणालंच, तर बी. के. एस. अय्यंगारांचं नाव सांग. मलेरिया, विषमज्वर, क्षय असं सगळं लहानपणी भोगलेला तो मुलगा १९३७ साली पुण्यात शिकवायला आला. ज्यांना आसन होत नाही त्यांच्यासाठी दोर, पट्टे, ठोकळे, लोड, खुर्च्या वापरायची रीत त्यांनीच बसवली. खुर्चीला लाजायचं असतं तर ते लाजले असते.

पट्टे मात्र विकत आणायला लावू नकोस. जुनी सुती ओढणी उत्तम. साडीत येणाऱ्या बाईला ‘उद्यापासून ट्रॅक पँट’ असं सांगशील, तर उद्यापासून ती यायचीच नाही. साडीत काय काय होतं ते बघ, पुष्कळ होतं.

वय विचारू नकोस. दुखणं विचार, तेही चपला काढताना, एकेकट्याला. रक्तदाब, साखर, चक्कर, काचबिंदू, गुडघा बदललाय का. चारचौघांत कुणी सांगत नाही. पिशवीचं ऑपरेशन झाल्याचं एका बाईंनी मला तिसऱ्या महिन्यात कानात सांगितलं, तोवर मी त्यांच्याकडून नौकासन करून घेत होते! काचबिंदूवाल्याला डोकं खाली नेऊ देऊ नकोस, रक्तदाबवाल्याला श्वास कोंडू देऊ नकोस. इन्सुलिनवाल्याला ‘पोट रिकामं हवं’ असं सरसकट सांगायचं नाही. त्याचं त्याच्या डॉक्टरांना विचारू दे. पिशवीत साखर ठेव.

आता माझी चूक ऐक. पहिल्या वर्षी शवासन संपलं की मी टाळी वाजवायचे, चला उठा! एके दिवशी एक काका ताडकन उठले आणि तसेच पांढरेफटक पडून खांबाला टेकले. रक्तदाबाची गोळी घेऊन आले होते. काही झालं नाही, पण ती टाळी मी पुन्हा वाजवली नाही. तेव्हापासून उठणं हेच मी आसनासारखं शिकवते. गुडघे मिटायचे, उजव्या कुशीवर वळायचं, तिथे दोन-चार श्वास थांबायचं. मग डावा तळवा छातीसमोर टेकून बसायचं. ज्यांना सरळ उभं राहता येत नाही त्यांनी गुडघ्यांखाली घोंगडीची घडी घेऊन रांगत खुर्चीपर्यंत यायचं, दोन्ही हात बैठकीवर, बळकट पाय पुढे, आणि मग उठायचं. खुर्ची तू धर. घरी न्हाणीघरात पाय घसरला तर सूर्यनमस्कार कामाला येत नाहीत, हे येतं. पहिले पंधरा दिवस एवढंच झालं तरी चालेल.

‘दुखतंय’ म्हणाले की कुठे ते बोटानं दाखवायला सांग. मांडीच्या मध्यावर ताण असेल तर थांबू दे, सांध्यात टोचत असेल तर लगेच सोडव. आणि विचारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही, अगदी आपल्या आत्याबाईंच्याही.

नातवंडं येतील आजीचं बोट धरून. त्यांना हाकलू नकोस. वृक्षासनात आजीला भिंतीशी उभं कर, एक तळहात भिंतीवर, टाच घोट्याला, पायाची बोटं जमिनीवरच. पोराला समोर पाय मांडीवर चढवून उभं कर. पोरगं डगमगतं, आजी हसते, आणि हसता हसता तिचा भिंतीवरचा हात कधी सुटला ते तिलाही कळत नाही.

फीचं फार ताणू नकोस. वहीत लिही, पण पुढ्यात वही उघडू नकोस. गणपतीत निम्मा वर्ग गळतो, घाबरू नकोस, दसऱ्याला परत येतात. एकवीस जूनला योगदिनाच्या फोटोसाठी येणाऱ्यांनाही सतरंजी दे; दहातला एखादा बावीसलाही येतो.

हॉलची एक किल्ली तुझ्याकडे असू दे. दुसरी मात्र जो सर्वांत आधी येऊन पायरीवर बसतो त्याला दे. माझ्याकडे ते एक निवृत्त पोस्टमन होते, कंबर साफ धरलेली. किल्ली दिल्यापासून त्यांचा एकही खाडा नाही, आणि मी पोचायच्या आत चारही खुर्च्या भिंतीला लागलेल्या असायच्या.