गाडीची चाके सरळ कशी करावी?

मामाने मला खडक चढणारी रिमोटची गाडी दिली. सावित्रीच्या पात्रातल्या धोंड्यांवर ती झकास चढे, पण सरळ सोडली की डावीकडे जाई. धाकट्याने आपटली असेल म्हणून मी त्याला रागावलो. तो रडला.

बाबा आंबेनळी घाटात जीप चालवतात. ते म्हणाले, "आधी माप घे, मग बोल."

गाडी सपाट फरशीवर ठेवली. रिमोटवरचे छोटे बटण फिरवून चाके मधोमध आणली. डावीकडे जाणे थांबले! मग पुढच्या दोन चाकांमधले अंतर मोजले. टायरच्या मधल्या रेषेपासून, जमिनीपासून सारख्याच उंचीवर. पुढच्या बाजूने १९ सेंमी, मागच्या बाजूने २० सेंमी भरले. म्हणजे चाकांची तोंडे आत वळलेली. या गाडीत चाके जोडणारी सळई मागे होती. ती फिरवून आखूड केली, तेव्हा दोन्ही मापे सारखी झाली.

सळई कुठे वाकलेली नव्हती. दोष जुळणीचा होता, धाकट्याचा नव्हे.

बाबा म्हणाले, जीपचीही चाके अशी वाकडी राहिली तर टायर एका कडेने झिजतात.

आता गाडी आधी धाकटा चालवतो, मग मी.