कमी रनिंगच्या मोहाविषयी

सौरभ,

तुझं पत्र आणि दोन्ही पोर्शे बॉक्स्टरची माहिती मिळाली. दोन्ही २००३ सालच्या, दोन्ही मॅन्युअल गिअरच्या. पहिली एकोणीस हजार मैल चाललेली, वर्षानुवर्षं गॅरेजात झाकून ठेवलेली. ऑइल बदलल्याच्या पावत्या मात्र तुरळक. दुसरी १ लाख २८ हजार मैल चाललेली, पण पहिल्या दिवसापासूनच्या कामांची जाडजूड फाइल सोबत. तुझं मन पहिलीकडे ओढ घेतंय आणि तिच्यासाठी बरेच जास्त पैसे मोजायची तुझी तयारी आहे. माझं म्हणणं, दुसरी घे. पण नुसतं मत देऊन भागायचं नाही, म्हणून कारणं सविस्तर लिहिते. पटली नाहीत तर जरूर वाद घाल.

गाडी किती लांब गेली एवढंच मीटर सांगतं, ती कशी गेली हे सांगत नाही. गरम झालेल्या, नीट ऑइल असलेल्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांचे धातू एकमेकांना जवळजवळ लागतच नाहीत. मधे ऑइलचा पातळ थर असतो आणि सगळा भार तोच पेलतो. झीज होते ती थंड इंजिन सुरू होताना, ऑइल सगळीकडे पोचण्याआधी. शिवाय लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बरंचसं सायलेन्सरवाटे निघून जातं, पण थोडं पिस्टनच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरतं. गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालली तर ते उडून जातं. पाच मिनिटं चालवून बंद केली तर तिथंच राहतं, न जळलेल्या पेट्रोलासह, आणि हळूहळू ऑइल आम्लधर्मी होत जातं. कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तापलं असं तू धरतोस, पण ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तेव्हा महिन्यातून एकदा गॅरेजबाहेर काढून कॉलनीत फिरवून आणलेले एकोणीस हजार मैल आणि हायवेवरचे सव्वा लाख मैल, यांतलं इंजिनाला जड काय गेलं असेल याचा अंदाज मीटरवरून बांधू नकोस.

तू राहतोस तिथून फार लांब नसलेल्या लाँग आयलंडवर अर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानशिक्षक राहत. त्यांनी १९६६ मध्ये व्होल्वो पी १८०० एस ही स्पोर्ट्स कूपे घेतली. सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात तिनं ३० लाख मैल पूर्ण केले, आणि २०१८ मध्ये गॉर्डन वारले तोवर आकडा ३२ लाखांपुढे गेला होता. एकाच मालकानं बिगरव्यापारी कारणासाठी इतकी चालवलेली दुसरी गाडी नोंदीत नाही. इंजिन पहिल्यांदा उघडलं तेच सुमारे ६ लाख ८० हजार मैलांनंतर. त्यांच्याकडे काही गुप्त विद्या नव्हती. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं काम ते वेळच्या वेळी करत, ऑइल तीन-साडेतीन हजार मैलांनी बदलत, आणि रोजची लांबची ये-जा त्याच गाडीनं करत.

यावर तू म्हणशील की व्होल्वोचं ते इंजिन साधं, दणकट, कमी ताकदीचं. खऱ्या स्पोर्ट्स कारचं इंजिन ताणलेलं असतं, ते लवकर संपणारच. आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच खरा. ताण इंजिनाच्या कमाल ताकदीवर ठरत नाही, त्यातली किती ताकद किती वेळ वापरली यावर ठरतो. ताशी पासष्ट मैलांनी सपाट रस्त्यावर धावायला अशा गाडीला वीसेक अश्वशक्ती पुरते. बॉक्स्टरकडे सव्वादोनशे आहे. म्हणजे बहुतेक आयुष्य ती दहाव्या हिश्शावर जगते, आणि तिचं कूलिंग, ब्रेक, बेअरिंग मात्र ट्रॅकवरचा मार सोसण्याच्या हिशेबानं केलेले असतात. होंडाच्या एस २००० चं उदाहरण घे. दोन लिटरचं इंजिन, मिनिटाला ९००० फेरे, लिटरमागे सुमारे १२० अश्वशक्ती. कमाल फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटरच्या पुढे जातो, म्हणजे शर्यतीच्या इंजिनांच्या पंगतीत. तरीही हे इंजिन टिकाऊपणासाठी नावाजलं गेलं, कारण होंडानं तो ताण गृहीत धरूनच घडवलेले पिस्टन आणि तंतुमिश्रित धातूचे सिलिंडर त्यात घातले. याउलट माझ्दाची आरएक्स-८. तिच्या रोटरी इंजिनाच्या तक्रारी इतक्या आल्या की अमेरिकेत कंपनीला इंजिनाच्या मूळ भागाची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. दोन्ही स्पोर्ट्स कार, दोन्ही वरच्या फेऱ्यांवर पळणाऱ्या. फरक रचनेत आहे, म्हणून ‘स्पोर्ट्स कार टिकते का’ हा प्रश्न विचारून हाती काही लागत नाही. या विशिष्ट गाडीत कच्चा दुवा कोणता आणि त्याचं काय केलं गेलं, हे विचार.

तुझ्या बॉक्स्टरमध्ये तो दुवा सगळ्यांना माहीत आहे. इंजिनाच्या पोटात एक मधला शाफ्ट असतो, तो कॅमशाफ्टच्या साखळ्या फिरवतो. त्याच्या एका टोकाला ग्रीस भरून सील केलेलं बॉल बेअरिंग आहे. २००३ च्या गाडीत ते एकेरी रांगेचं, म्हणजे त्यातल्या त्यात नाजूक. सील उष्णतेनं आणि वयानं कडक होतं, ऑइल आत झिरपतं, ग्रीस धुऊन जातं, आणि मग आत शिरलेलं शिळं ऑइल तिथंच कोंडून राहतं. उपसा थांबलेल्या विहिरीचं पाणी नासतं तसंच हे. बेअरिंग फुटलं तर साखळीची वेळ चुकते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन जातं. बहुसंख्य गाड्यांत हे कधीच घडलं नाही, हेही ध्यानात ठेव. पण ज्यांत घडलं त्यांच्या मालकांनी अमेरिकेत सामूहिक दावा लावला, आणि २००१ ते २००५ दरम्यान बनलेल्या गाड्यांपुरती २०१३ मध्ये तडजोड झाली. पुढे २००९ च्या इंजिनांतून पोर्शेनं हा शाफ्टच काढून टाकला. तुझ्या निवडीत कळीची गोष्ट अशी की हे बेअरिंग बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून शहाणा मालक क्लच बदलतानाच ते बदलून घेतो. सव्वा लाख मैल चाललेल्या गाडीचा क्लच एकदा तरी बदललेला असणार. त्या पावतीवर बेअरिंगचा उल्लेख आहे का ते पाहा. एकोणीस हजारवालीत मूळ क्लच आहे, अर्थात मूळ बेअरिंगही, वीस वर्षांहून जुन्या सीलसकट.

आमच्या विश्वासार्हताशास्त्रात बाथटबच्या आकाराचा एक वक्र शिकवतात. सुरुवातीला घडणीतल्या दोषांमुळे बिघाड जास्त, मग लांबलचक शांत काळ, शेवटी झिजेमुळे पुन्हा चढ. ‘तुम्हाला टिकलेल्याच गाड्या दिसतात, मेलेल्या दिसत नाहीत’ असं तू म्हणशील. खरं आहे, आणि सगळ्या बॉक्स्टर सव्वा लाख मैल जातात असं मी म्हटलं असतं तर त्या आक्षेपानं माझा दावा कोसळला असता. तुला मात्र सगळ्या बॉक्स्टर घ्यायच्या नाहीत, एक घ्यायची आहे, आणि ती सुरुवातीच्या चढातून पार झाली आहे ही माहिती तुझ्या फायद्याची. झाकून ठेवलेल्या गाडीची गत विचित्र असते. घडणीतले दोष वर यायला लागतात तेवढी ती चाललेली नसते, आणि वयाची झीज तर येऊन ठेपलेली असते.

कारण रबराला आणि द्रवांना मैल कळत नाहीत, वर्षं कळतात. कंपन्यांच्या वेळापत्रकात मैलांशेजारी वर्षं छापलेली असतात आणि ‘जे आधी येईल ते’ असं लिहिलेलं असतं, ते उगाच नव्हे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. फेरारीच्या एफ ३५५ मध्ये टायमिंग बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो, गाडी जागची हलली नसली तरी, आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं. टायरचं तर विशेष सांभाळ. २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीत दगावला, तिच्या चौकशीत अतिवेग हे मुख्य कारण ठरलं, पण टायर नऊ वर्षांहून जुने होते हेही नोंदलं गेलं. जुन्या टायरची नक्षी नव्यासारखी खोल दिसते, पकड मात्र गेलेली असते. टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडा वाच: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल.

जास्त चाललेल्या गाडीचा खर्च मी लपवत नाही. सस्पेन्शनचे बुश, शॉक अबसॉर्बर, वॉटर पंप, कूलंटची प्लास्टिकची टाकी, हे सगळं झालं नसेल तर तुझ्या गळ्यात पडेल. पण हे भाग कमी चाललेल्या गाडीतही वयानं जातात, फक्त तिथं ते किमतीत धरलेले नसतात. पुढे विकताना कमी मैलांना भाव येतो हाही मुद्दा बरोबर. मात्र तो भाव टिकवायचा तर गाडी चालवायची नाही, आणि तुला तर दर शनिवार-रविवार चालवायची आहे. मग तू दिलेले जादा पैसे तूच महिन्यामहिन्यानं रस्त्यावर उधळशील. पोर्शे सांगते की आजवर बनलेल्या तिच्या गाड्यांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास अजून शाबूत आहेत. मला तो आकडा टिकाऊपणाचा पुरावा वाटत नाही, कारण झाकून ठेवलेली गाडीही त्यात मोजली जाते.

आता करायचं ते. स्वतंत्र, फक्त पोर्शेचं काम करणाऱ्या मेकॅनिककडून तपासणी करून घे, विकणाऱ्याच्या ओळखीच्याकडून नको. ऑइल फिल्टर कापून बघायला सांग: चुंबकाला चिकटणारा चुरा असेल तर बेअरिंगवर संशय घ्यावा, प्लास्टिकचे तुकडे असतील तर साखळीच्या पट्ट्या झिजल्या आहेत. इंजिनाच्या संगणकात मर्यादेपलीकडच्या फेऱ्यांची नोंद असते. तिच्या वरच्या टप्प्यातले आकडे चुकीचा खालचा गिअर पडल्याशिवाय येत नाहीत, ते इंजिनाच्या किती तासांवर आले तेही वाचता येतं. तुझ्या न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पोर्शेची बॉडी गॅल्व्हनाइज्ड आहे, तरी खालच्या ब्रेकच्या नळ्या आणि बोल्ट हात लावून बघ. गाडी घेतल्यावर ऑइल पाच हजार मैलांनी किंवा वर्षानं बदल, पुस्तिकेतली मुदत याहून लांब असली तरीही. इंजिन गार असताना तीन हजार फेऱ्यांच्या वर नेऊ नकोस, आणि पूर्ण तापल्यावर वरच्या फेऱ्यांना घाबरू नकोस.

ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला विसरू नकोस. अहवाल आला की लोखंड, तांबं आणि शिसं यांचे आकडे मला लगेच कळव, म्हणजे बयाणा देण्याआधी आपण दोघं मिळून ते पाहू.

तुझी,
आत्या