एका अर्जाचा प्रवास

विद्यार्थी मित्रांनो, अर्ज, मंजूर, रक्कम, शिफारस, हयात हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत ना? उर्दूत तुम्ही ते नेहमी वापरता. मराठीतही ते आहेत आणि सरकारी कार्यालयात रोज कानावर पडतात. एका शब्दाबाबत मात्र सावध राहा. उर्दूत 'दाखला' म्हणजे प्रवेश. मराठीत 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र. हे शब्द बरोबर घेऊन आज आपण एका अर्जाचा प्रवास पाहू.

समजा, मालेगावच्या एका मोहल्ल्यात एक चाचा राहतात. ते यंत्रमागावर काम करत होते. अपघातात त्यांचा एक पाय गेला आणि कमाई थांबली. घरात शिकणारी मुले आहेत. आता चाचांनी लोकांपुढे हात पसरायचा का? मुळीच नाही. अशा माणसासाठी सरकारची योजना आहे. ती खैरात नाही, तो त्यांचा हक्क आहे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसाठी आपल्या देशात १९९५ साली कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ साली नवा कायदा आला आणि हे प्रकार २१ झाले.

प्रवासाचा पहिला मुक्काम म्हणजे सरकारी रुग्णालय. तेथे डॉक्टर तपासणी करतात आणि दिव्यांगत्व किती टक्के आहे ते ठरलेल्या नियमांप्रमाणे मोजतात. बहुतेक योजनांसाठी ते निदान ४० टक्के असावे लागते. मग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते.

दुसरा मुक्काम तहसील कार्यालय. महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना चालू आहे. तिच्यासाठी प्रमाणपत्राबरोबर उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक लागते. लिपिक हे कागद तपासतो. कधी एका कागदावर 'शेख' हा शब्द नावाच्या आधी असतो, तर दुसऱ्या कागदावर नावाच्या शेवटी. एवढ्या फरकानेही अर्ज अडतो. कागद बरोबर असले, तर अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो. समितीने तो मंजूर केला की दरमहा ठरलेली रक्कम बँकेच्या खात्यात जमा होते. २०२३ साली ही रक्कम १५०० रुपये झाली. २०२५ साली दिव्यांगांसाठी ती २५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला.

प्रवास येथे संपला असे समजू नका. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. हयातीचा दाखला म्हणजे 'मी जिवंत आहे' याचा पुरावा. तो दिला नाही तर पैसे थांबू शकतात. चाचा घरी बसून पैशांची वाट पाहत असतात, पण कागदावर त्यांची हयात संपलेली असते!

आता टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाचा विचार करा. त्याच्यापुढे अर्जांचा ढीग असतो. खोटे प्रमाणपत्र दाखवून कोणी गरजवंताचे पैसे घेऊ नयेत, हेही त्याला पाहावे लागते. अशी फसवणूक करणाऱ्याला २०१६ च्या कायद्याप्रमाणे २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून तपासणी हवीच. पण तपासणी म्हणजे अपमान नव्हे. चांगला कर्मचारी कोणता कागद कमी आहे ते एकाच वेळी सांगतो, शक्यतो लिहून देतो. जिना चढू न शकणाऱ्या माणसाला तो वर बोलावत नाही. स्वतः खाली येतो. "उद्या या" हे दोन शब्द बोलायला सोपे आहेत, पण कुबडीवर चालणाऱ्याला ते फार महाग पडतात. रिक्षाचे भाडे जाते, सोबत आलेल्या मुलाची शाळा बुडते.

आपणही जागरूक असावे. अर्ज दिल्यावर पोच, म्हणजे अर्ज मिळाल्याची पावती, जरूर घ्यावी. तिच्यावर तारीख आहे का ते पाहावे. कामाला कारण नसताना उशीर होत असेल, तर वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. दिव्यांगांच्या तक्रारींसाठी पुण्यात राज्याच्या आयुक्तांचे कार्यालय आहे.

मित्रांनो, हे अर्ज बहुधा मराठीत असतात. तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसांना ते वाचता येतीलच असे नाही. तुम्हाला मात्र आता मराठी वाचता येते. एखाद्या चाचांना, एखाद्या खालांना अर्ज वाचून दाखवा. नाव सगळ्या कागदांवर सारखे आहे का ते पाहा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी लिपिक, डॉक्टर किंवा तहसीलदार झाला, तर एवढे लक्षात ठेवा : प्रत्येक अर्जामागे एक माणूस वाट पाहत असतो.

स्वाध्याय
१. 'दाखला' या शब्दाचा उर्दूत व मराठीत काय अर्थ होतो?
२. हयातीचा दाखला वेळेवर का द्यावा?
३. चांगला कर्मचारी कसा वागतो? चार-पाच वाक्यांत लिहा.
४. तहसीलदारांना मराठीत अर्ज लिहा : 'हयातीचा दाखला देऊनही अनुदान जमा झाले नाही.'